फ्लोराइडच्या अभ्यासाला पैसा कुठून आणायचा? तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापिकेला उत्तर

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला तालुक्याच्या गावचं अनुदानित कॉलेज. तुम्ही रसायनशास्त्र शिकवता, वर्ग बी.एस्सी.पर्यंतच आहेत. दरवर्षी मुलांना घेऊन आसपासच्या विहिरी-हातपंपांचं पाणी तपासता आणि काही गावांत फ्लोराइड जास्त लागतं. याचा नीट अभ्यास करायचा आहे, पण यूजीसीचे मायनर प्रोजेक्ट बंद पडले आणि प्राचार्य म्हणतात, पैसे आणा मग बघू. तर अर्ज कुठे करायचा, किती मागायचे, आणि परदेशातून काही मिळेल का?

पहिला अर्ज दिल्लीला करू नका. मी याच भागात पर्यावरणशास्त्र शिकवण्यात नोकरी घालवली आणि शेवटची काही वर्षं प्रस्तावांच्या छाननीला बसलो. ग्रामीण कॉलेजांचे प्रस्ताव शास्त्रात कच्चे म्हणून पडतात त्याहून जास्त दोन कारणांनी पडतात. एक, ज्या कार्यालयाला त्या उत्तराची गरज आहे त्याचा प्रस्तावात पत्ताच नसतो. दुसरं, आलेला पैसा कॉलेजच्या खात्यातून वेळेत खर्च होईल असं वाचणाऱ्याला वाटत नाही. या दोन गोष्टी आधी सावरल्या तर दिल्लीही लांब राहत नाही.

आधी विषय. 'अमुक तालुक्यातील भूजलाच्या गुणवत्तेचा अभ्यास' या नावाचे प्रस्ताव इतके येतात की छाननी करणारा शीर्षक वाचूनच पान उलटतो. लोणार सरोवराचंही तसंच. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं, आणि त्यानंतर जो तो लोणारचा नमुना घेऊन आला. तुमच्याकडे त्याहून चांगला प्रश्न आहे, फक्त तो तुम्ही पत्रात शेवटच्या ओळीत टाकलाय: एकाच गावात जुनी विहीर बरी आणि तिच्यापासून दोनशे फुटांवरची बोअर वाईट, हे कसं? मी असतो तर यालाच शीर्षक केलं असतं.

कारण तुमच्या भागाचा खडक सरळ नाही. पश्चिमेला काळा बेसाल्ट. पूर्वेला वणी, झरी-जामणी, मुकुटबनकडे सरकलात की त्याखालचा पैनगंगा गटाचा चुनखडक आणि शेल वर येतो, आणि वर्धा खोऱ्यात गोंडवाना काळातला कोळशाचा वाळूखडक. विहीर वरच्या झिजलेल्या थरातलं, दरवर्षी पावसाने बदलणारं पाणी देते. बोअर खालच्या भेगांमधलं, वर्षानुवर्षं खडकाला लागून असलेलं पाणी ओढते. फ्लोराइड वाढायला हा सहवास लागतो आणि सोबत पाण्यात कॅल्शियम कमी, सोडियम-बायकार्बोनेट जास्त असावं लागतं. कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जुळून फ्लोराइट या खनिजाच्या रूपात बाहेर पडतं, पाण्यात फार राहत नाही. म्हणजे लोक ज्या जड, साबणाला फेस न येणाऱ्या पाण्याला नावं ठेवतात ते फ्लोराइडच्या बाबतीत बरेचदा बरं निघतं, आणि चवीला गोड लागणारी बोअर दात पिवळे करते. हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण प्रस्तावात 'ही बोअर कुठल्या खडकात संपते' हा प्रश्न आला की तो अभ्यास राहतो, नाहीतर नुसती तपासणी. आणि तपासणीला संशोधनाचा पैसा कुणी देत नाही. ती सरकारी प्रयोगशाळा करतेच.

आता पाय उचला आणि यवतमाळला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा. वरिष्ठ भूवैज्ञानिकांना भेटा. त्यांच्याकडे निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांच्या जुन्या नोंदी असतात आणि विंधण विहिरींच्या खोदकामाचे अहवाल असतात: किती फुटांवर काय लागलं, पाणी कुठे लागलं, केसिंग कुठवर. हा कागद तुमच्या फ्लोराइडच्या आकड्याशेजारी ठेवला की प्रबंध आपोआप उभा राहायला लागतो. केंद्रीय भूजल मंडळाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. इंडिया-डब्ल्यूआरआयएसवर बरीच माहिती घरबसल्या मिळते, जलजीवन मिशनच्या पाणी गुणवत्तेच्या पोर्टलवर गावनिहाय तपासण्या दिसतात. नकाशांसाठी नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. हे सगळं फुकट किंवा फुकटासारखं आहे, आणि प्रस्तावात 'उपलब्ध माहितीचा आढावा' या दोन पानांना त्याने जे वजन येतं ते पुस्तकांतल्या उताऱ्यांनी येत नाही.

तिथे गेलात की मदत मागू नका, काय देऊ शकता ते सांगा. त्यांच्याकडे माणसं कमी असतात आणि तुमच्याकडे दर शनिवारी मोकळी असलेली वीस पोरं आहेत. रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात होतंच. तिथे नाली साफ करण्याबरोबर गावातल्या सगळ्या स्रोतांची नोंद होऊ शकते. हे करून एक पत्र मिळवा: 'हा अभ्यास आमच्या कार्यालयास उपयुक्त असून माहिती उपलब्ध करून देण्यात येईल.' एवढी एक ओळ, सही-शिक्क्यानिशी. प्रस्तावाला जोडलेल्या कागदांत हा सगळ्यात जास्त वाचला जातो.

पैशाच्या जागा आता जवळून लांब अशा सांगतो.

सगळ्यात जवळ तुमचं स्वतःचं विद्यापीठ. शिक्षकांना सुरुवातीच्या निधीची योजना जवळपास प्रत्येक विद्यापीठात कुठल्या ना कुठल्या नावाने असते. रक्कम बघून नाक मुरडू नका. त्या पैशात दोन हंगामांचं पाणी मोजून होतं, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात 'प्राथमिक निष्कर्ष' हा रकाना भरायला तेच लागतं. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगानेही विद्यापीठांमार्फत स्थानिक प्रश्नांवरच्या कामाला निधी दिलेला आहे. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठातलं विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र त्याच वाटेने उभं राहिलं. विद्यापीठाच्या संशोधन कक्षात महिन्यातून एक फोन करत जा. परिपत्रकं कॉलेजात येतात, पण आवक-जावकमध्ये पडून राहतात.

दुसरी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: जिल्हा खनिज प्रतिष्ठान. वणी पट्ट्यात कोळसा आहे म्हणून यवतमाळला ते आहे. चंद्रपूर, नागपूर, भंडारा इथेही आहे. 2015 पासून खाणपट्टेधारकांकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात पैसा तिथे जमा होतो, आणि प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत पिण्याचं पाणी आणि प्रदूषण नियंत्रण ही दोन्ही कामं उच्च प्राधान्याच्या यादीत आहेत. पण तिथे 'संशोधन' या शब्दाला कुणी विचारत नाही. तिथे 'बाधित गावांतील पेयजल स्रोतांची गुणवत्ता तपासणी व नकाशे तयार करणे' असं काम मागायचं, कालावधी एक वर्ष, शेवटी जिल्हाधिकाऱ्यांना गावनिहाय यादी: हा हातपंप पिण्यासाठी बंद करा, हा चालेल, इथे पर्यायी स्रोत हा. ते काम प्रामाणिक करा. शोधनिबंध त्याच आकड्यांतून निघतो. गाव बाधित क्षेत्रात येतं का ते मात्र आधी तपासा, नाहीतर फाइल पहिल्याच टेबलावरून परत येईल.

कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा याला लागूनच येतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावाच लागतो, आणि कोळसा, सिमेंट, वीज असं सगळं तुमच्या आजूबाजूला आहे. यासाठी तुमच्या संस्थेकडे आयकराची 12-अ आणि 80-जी, आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी हवी. कॉलेज चालवणाऱ्या कितीतरी शिक्षण संस्थांकडे यातलं तिसरं नसतं. एक गोष्ट लेखी घ्या: निष्कर्ष छापण्याचा अधिकार तुमचा. ज्याच्या खाणीशेजारचं पाणी मोजताय त्याच्याच पैशाने मोजणार असाल तर ही अट नसताना काम घेऊ नये असं माझं मत आहे. कुणी त्यावर कुरकुर केली तर समजून जा.

तिसरी जागा रसायनशास्त्रवाल्यांना परकी वाटते. आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. तुमच्याच कॉलेजात अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा गृहअर्थशास्त्राचं कुणी असेल. फ्लोराइडच्या गावांत आरओचं यंत्र बसवलेलं असतं, वर पाटी असते, आणि आत कुलूप. का बंद पडलं? वीजबिल कुणी भरायचं, फिल्टर कुणी बदलायचा, पाच रुपयांच्या कॅनसाठी कोण रांगेत उभं राहतं आणि कोण परत बोअरवर जातं, फेकलेलं खारं पाणी कुठे जातं? तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरीनेच (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) विकसित केली, तरी ती किती घरांत टिकली? हा शुद्ध सामाजिक प्रश्न आहे आणि त्याला रसायनशास्त्राचा सहसंशोधक लागतो. माझ्या मते विदर्भातल्या पाण्यावरचा हा सगळ्यात कमी अभ्यासला गेलेला भाग आहे. खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलढाण्याकडेही, हाच प्रश्न किडनीच्या आजारांच्या संदर्भात उभा आहे.

आता दिल्ली. संशोधनाला निधी देणारं केंद्राचं जुनं मंडळ, एसईआरबी, आता राहिलं नाही. 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, एएनआरएफ, आलं आणि एसईआरबी त्यात विलीन झालं. त्यांच्या 'पेअर' योजनेत मोठी संस्था मध्यभागी आणि राज्य विद्यापीठं तिला जोडलेली अशी रचना आहे. ते विद्यापीठ पातळीवरचं, तुमच्या एकटीच्या हातातलं नाही. तरुण शिक्षकांसाठीचं अनुदान आहे, पण त्याला वयाची अट आहे आणि स्पर्धा आयआयटीतल्या नव्या प्राध्यापकांशी. तुमच्यासारख्यांना त्यातल्या त्यात सोयीची टेअर योजना, जी एसईआरबीच्या काळात सुरू झाली. राज्य विद्यापीठातला किंवा कॉलेजातला कायम शिक्षक नोकरी न सोडता यजमान संस्थेत काम करतो, आणि संशोधनाचा पैसा दोन्हीकडे वाटला जातो. जाहिरात निघाली की सोडू नका. विदर्भातल्या माणसाला यजमान शोधायला लांब जावं लागत नाही. नीरी आणि व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचं राष्ट्रीय कॉलेज, दोन्ही नागपुरात. पण यजमानाशी ओळख जाहिरातीनंतर होत नसते. आत्ताच, तुमचे मागच्या वर्षांचे आकडे घेऊन एकदा जाऊन या.

जलशक्ती मंत्रालयाचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. 2016 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पात उद्देशाधारित अभ्यास होते, त्यात राज्याची यंत्रणा पुढे आणि शैक्षणिक संस्था भागीदार. म्हणून पुन्हा तेच, भूजलच्या कार्यालयात तुमचं नाव माहीत हवं. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा पाण्यावरचा कार्यक्रम 2007 पासूनचा आहे, तो तंत्रज्ञानाकडे झुकतो. फ्लोराइड काढायचं काही नवं तुमच्याकडे नसेल तर तिकडे वेळ घालवू नका.

बजेटबद्दल जरा थांबून बोलतो, कारण इथेच मुळात गडबड होते. 'रसायने व काचसामान: एक लाख' असं लिहिलं की समिती डोळे झाकून निम्मं करते. तिला कापताच येऊ नये असं लिहा. समजा 60 स्रोत निवडले, विहीर-बोअरच्या 30 जोड्या. मे आणि ऑक्टोबर असे दोन हंगाम, म्हणजे 120 नमुने. दर दहाव्याची दुबार तपासणी, ते 12. एकूण 132. आता दर नमुन्यामागे रसायनांचा खर्च लिहा आणि गुणा. गाडी: आडवळणाच्या गावांतले आठ-दहा स्रोत एका दिवसात होतात, म्हणजे एका हंगामाला सात दिवस, दोन्हींना 14, वर राहिलेल्यांसाठी दोन. सोळा दिवस, दिवसाचं भाडं अमुक. एसटीने जाऊ असं लिहून काटकसर दाखवू नका. नायट्रेटचे नमुने थंड ठेवून दोन दिवसांत तपासावे लागतात हे छाननी करणाऱ्याला माहीत असतं, आणि बर्फाची पेटी घेऊन दोन एसट्या बदलणारा विद्यार्थी त्याला पटत नाही. फ्लोराइडसाठी इलेक्ट्रोड आणि आयन मीटर मागा. ती न्याय्य मागणी आहे. आयसीपी-एमएस, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारं मोठं यंत्र, मागू नका. त्याच्या खोलीला लागणारा एसी आणि अखंड वीज तुमच्याकडे नाही. आय-स्टेम पोर्टलवर दुसऱ्यांची उपकरणं पैसे भरून वापरता येतात, त्याची ओळ टाका. आणि दोन मुलांच्या क्षेत्रकामाचं मानधन जरूर टाका. घरच्या कापूस वेचणीला न जाता ती तुमच्याबरोबर येतात.

मुलांच्या नोंदवहीचं एक पान प्रस्तावाला जोडा. कोऱ्या तक्त्याचं नको, भरलेलं जोडा. हातपंपावर रंगवलेला क्रमांक, अक्षांश-रेखांश, बोअरची खोली कुणी सांगितली (सरपंचाने की कागदावरून), नमुन्याआधी किती वेळ हापसलं, जागेवरची विद्युतवाहकता आणि सामू, बाटली प्लास्टिकची. फ्लोराइडचा नमुना काचेत ठेवायचा नसतो, आणि एवढ्यावरून वाचणाऱ्याला कळतं की या बाईंना काम येतं. त्याखाली धन आणि ऋण आयनांची बेरीज लावून फरक पाच टक्क्यांच्या आत दाखवा. मी स्वतः प्रस्ताव हातात घेतला की आधी ही बेरीज करायचो. ती जुळत नसेल तर बाकीची पानं कशाला वाचायची?

मर्यादा लिहिताना आयएस 10500:2012 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाचा आधार घ्या. फ्लोराइड 1 मिलिग्रॅम प्रति लिटर स्वीकारार्ह, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत, नायट्रेट 45, त्याला सूट नाही. जुन्या प्रबंधांतले आकडे उचलून लोक अजून चुकतात.

माणसांचे नमुने, म्हणजे लघवीतलं फ्लोराइड, मुलांच्या दातांची तपासणी, हे एकट्याने हाती घेऊ नका. नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि ती तुमच्या कॉलेजात नाही. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय यांच्यातलं कुणी बरोबर आलं तर वेगळी गोष्ट. मग आयसीएमआरचाही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) दरवाजा उघडतो.

आता प्राचार्य आणि हिशेब. अर्जाआधी कार्यालयात बसून एवढं बघून घ्या: कॉलेज यूजीसीच्या 2(फ) आणि 12(ब) खाली, म्हणजे मान्यता आणि केंद्राच्या अनुदानाच्या यादीत, आहे का, संस्था नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदलेली आहे का, आणि प्रकल्पासाठी स्वतंत्र बचत खातं उघडायला संस्था तयार आहे का. शेवटचं फार महत्त्वाचं. पैसा संस्थेच्या मोठ्या खात्यात गेला की तो पगाराच्या उशिरात, रंगरंगोटीत फिरतो, आणि तुम्ही मार्चमध्ये बिलं घेऊन दारोदार. उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-अ नमुन्यात द्यावं लागतं, निधीवर मिळालेलं व्याजही त्यात दाखवावं लागतं आणि ते तुमचं नसतं. सीए कोण आहे ते आधीच ठरवा. पहिल्या हप्त्याचं प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर दुसरा हप्ता येत नाही, आणि प्रकल्प मधेच लटकला की पुढच्या दहा वर्षांत तुमच्या कॉलेजातल्या दुसऱ्या कुणाला विचारणारही नाहीत. हेड क्लार्क हा तुमचा खरा सहसंशोधक. त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा, चहा पाजा, बजेट दाखवा.

बी.एस्सी.पर्यंतचंच कॉलेज असल्याने पीएच.डी.चे विद्यार्थी नाहीत, ही अडचण खरी आहे. पण जवळच्या संशोधन केंद्रातल्या विद्यार्थ्याला तुमच्या विषयावर काम करायला लावता येतं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या त्या-त्या गटातल्या मुलांना मिळतात, म्हणजे माणसाचा पगार तुमच्या बजेटमधून जात नाही. बी.एस्सी.च्या चांगल्या दोघा-तिघांना विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेत उतरवा. तिथे बक्षीस मिळो न मिळो, मुलं प्रश्नांना तोंड द्यायला शिकतात आणि कुलगुरूंच्या कानावर विषय जातो.

राहिलं परदेशी पैशाचं. तुमच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल, आणि बहुतेक ठिकाणी नसतेच, तर परदेशी संस्थेचा एक रुपयाही कॉलेजच्या खात्यात घेता येत नाही. नोंदणी असली तरी 2020 च्या दुरुस्तीपासून तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. परदेशी विद्यापीठाशी सहकार्य करायचंच असेल तर त्यांच्याकडून पैसा घेऊ नका, तपासण्या करून घ्या. समस्थानिकांची तपासणी, म्हणजे पाणी कुठल्या पावसाचं आणि किती जुनं ते, आपल्याकडे महाग पडते. त्यातही आधी रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेला विचारा. समस्थानिकांचं काम तिथे होतं, आणि नमुने देशाबाहेर पाठवायच्या परवानग्यांची भानगड राहत नाही.

ऑक्टोबरचे नमुने हातचे जाऊ देऊ नका. निधी नसला तरी 30 जोड्यांपैकी 10 जोड्या कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या नेहमीच्या खर्चात बसतात. ते आकडे आणि भूजलचं पत्र हातात आलं की विद्यापीठाचा अर्ज भरा, आणि बजेटचं पान मला पाठवा. बाकीची पानं नंतर बघू.